अकरा फुल्या

फोन आला तेव्हा साधना फळ्यावर त्या दिवसाची जोडी लिहीत होती. 'स्मॉल' आणि 'लिटल'. पाटणी चौकातल्या तिच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पहिली बॅच संगणकांवर बसायच्या आधी रोज पाच मिनिटं इंग्रजी शब्दांची एक जोडी व्हायची. परीक्षेत त्या जोडीला मार्क नव्हते, पोरांना तिचं काही पडलेलं नव्हतं, तरी पंचवीस वर्षांत साधनानं ती चुकवली नव्हती. "स्मॉल म्हणजे माप," ती सांगत होती, "फूटपट्टी लावून लहान. लिटल म्हणताना हात आपोआप खाली जातो, कुणाच्या तरी डोक्यावरून फिरवावा तसा. खोली स्मॉल असते. लेकरू लिटल असतं." मागच्या बाकावरून आडदांड फुलसिंग म्हणाला, "म्याडम, मंग मी स्मॉल का लिटल?" दुपारच्या बॅचला शिकवणारी निकिता दारातूनच ओरडली, "तू एक्स्ट्रा लार्ज! बस खाली." सगळे हसले, साधनाही हसली, आणि हसता हसताच तिनं फोन कानाला लावला. पलीकडे पुण्याची एक बाई होती, शुद्ध बोलणारी, घाई नसलेली. "तुम्ही माहेरच्या साधना ढोबळे ना? चौऱ्याण्णव साली वाशीमच्या बालसदनात टायपिस्ट होतात?" साधना म्हणाली, "होते." "एका कागदाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एस. डी. अशी बारीक अक्षरं आहेत. त्यावरून तुमचा माग काढला. तिथून दत्तक गेलेली एक मुलगी आलीय हॉलंडहून. मुलगी म्हणजे आता एकतीस वर्षांची बाई आहे ती. रूपा नाव. तिला तुम्हाला एकच गोष्ट विचारायचीय. गुरुवारी पाठवू?" फळ्यावरच्या 'लिटल'चा शेवटचा ई अर्धाच राहिला होता. साधना म्हणाली, "पाठवा." आपण हे का म्हणालो, ते तिला कळलं नाही. नाही म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढा त्या वेळी छातीत नव्हता, एवढंच.

तो सोमवार होता. मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस मध्ये होते, आणि ते दोन दिवस तिला उंबरठ्यावर अंथरलेल्या गोणपाटासारखे वाटले, पाय कितीही पुसले तरी आत जायचंच आहे. घरी जाताना तिनं भाजीवाल्याकडून वांगी घेतली आणि पिशवी त्याच्याच हातगाडीवर विसरून आली. एस.टी.तून रिटायर झालेला तिचा नवरा जगदेव ओसरीत पेपर वाचत होता. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "पिशवी कुठी हाये? अन तोंड काहून असं झालं तुवं? कोनी काही बोललं का?" ती म्हणाली, "कोनी नाही. गुरवारी एक जुनी विद्यार्थिनी येऊन राह्यली भेटायले." जगदेव म्हणाला, "मंग त आनंदाची गोष्ट हाये. तू त अशी दिसतं जशी तपासनी येऊन राह्यली." तो पुन्हा पेपरात गेला. साधना मोरीत जाऊन हात धुवायला लागली. खडूची पांढरी पूड केव्हाच गेली होती, तरी ती धूत राहिली. तपासणी. शब्द बरोबर होता. एकतीस वर्षं ती वाट पाहत होती की कुणीतरी येईल, रजिस्टर उघडेल, बोट ठेवेल. पोलीस येतील असं तिला सुरुवातीला वाटायचं. मग वकील येईल असं वाटायचं. मग कुणीच येणार नाही असं वाटायला लागलं, आणि ते वाटणं सगळ्यात भयंकर होतं. कारण कुणीच येणार नसेल तर ते सगळं तिच्या एकटीकडेच ठेवायला दिलेलं होतं.

तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता. सगळे कागद अकोल्याला जायचे, आणि बाहेरदेशी जाऊ शकेल अशा मुलांचे कागद इंग्रजीत करायचे. बालसदन रिसोड रस्त्याला, पत्र्याचं, पुढे पडवी, आत अकरा पाळणे. साधना एकोणीस वर्षांची, इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास होऊन सहा महिने झालेली, नोकरी अजून कच्ची. फिनेल, दुधाची पावडर आणि रिबनची शाई या तीन वासांत तिचा दिवस जायचा. एप्रिलमधल्या एका सकाळी ती बाई आली. बाई कसली, साधनाच्याच वयाची पोरगी, अंगावर रोजचं धुतलेलं लुगडं नव्हे, कुणीतरी दिलेलं नवं कोरं सहावारी, त्याची घडी अजून मोडली नव्हती. कडेवर वीस दिवसांचं मूल. मुलाला तेल लावलेलं, कपाळाला तीट, तळपायाला तीट, अंगाखाली चौकटीचौकटीची दुपटी. ती पडवीत बसली ती दुपारपर्यंत बसली. मधून मधून पदराआड दूध पाजायची. आत पाळणे हलवणारी विमलबाई दोनदा बाहेर आली. विमलबाई म्हणजे साठीची, जाडजूड, तंबाखू मळता मळता ओव्या म्हणणारी. "काहून वं पोरी, द्याची हाये का न्याची हाये?" ती पोरगी म्हणाली, "द्याची हाये मावशी. अजून एक खेप पाजतो, मंग देतो." "नाव काय तुवं?" "नाव नका इचारू." चार वाजता तिनं मूल उचललं, विमलबाईच्या हातात ठेवलं, ठेवताना मान धरायचा हात एकदम काढला नाही, हळूहळू एकेक बोट काढलं. हे साधनानं खिडकीतून पाहिलं. एकेक बोट. पाचवं बोट निघायला इतका वेळ लागला की विमलबाईनं तोंड फिरवून घेतलं.

अधीक्षक भागवत साहेबांकडे त्या दिवशी ट्रस्टी आले होते. ते घाईत म्हणाले, "फॉर्म भरून ठेवा, मी सही करतो." छापील फॉर्मवर एका ओळीत दोन शब्द होते, मध्ये तिरपी रेघ, आणि खाली सूचना: लागू नसेल तो खोडा. 'अबँडन्ड' आणि 'सरेंडर्ड'. साधनानं आयुष्यात दोन्ही शब्द टाइप केले होते, वाचले कधीच नव्हते. टायपिस्टचं तसंच असतं, अक्षरं बोटांतून जातात, अर्थ बाजूनं जातो. तिच्या ड्रॉवरमध्ये बसस्टँडवरच्या स्टॉलमधून घेतलेला खिशातला शब्दकोश होता. तिनं पाहिलं. सरेंडर: शरण जाणे, शस्त्रे खाली ठेवणे. तिला रेडिओवरच्या बातम्यांतले दरोडेखोर आठवले, मंत्र्याच्या पायाशी बंदुका ठेवणारे. त्या पोरीनं काय गुन्हा केला होता शरण जायला? मग दुसरा पाहिला. अबँडन: सोडणे, त्यागणे. त्याग. साधना थांबली होती त्या शब्दापाशी. शाळेच्या भिंतीवर लिहिलेला शब्द, कीर्तनात येणारा शब्द. आईचा त्याग. खिडकीतून पाहिलेली ती पाच बोटं तिच्या डोळ्यांपुढे होती आणि या दोन शब्दांतला हा एकच शब्द त्या बोटांच्या तोलामोलाचा वाटला. म्हणून तिनं उरलेल्या 'सरेंडर्ड'वर मशीन आणलं आणि एक्सची कळ दाबत गेली, टक टक टक, अकरा वेळा, एका अक्षरावर एक फुली. आईच्या नावाच्या रकान्यात 'नॉट नोन'. नाव सांगायचं नाही म्हणाली होती ना ती. आपण तिची लाज राखली, असं साधनाला वाटलं. त्या संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना तिला चक्क बरं वाटत होतं. पुढे एकतीस वर्षं तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या बरं वाटण्याची. आपल्याला कळत नसताना जे छान वाटतं, त्यावर तिचा पुन्हा कधी विश्वास बसला नाही.

शब्दांच्या जोड्यांचं वेड तिथून लागलं. लग्नानंतर तिनं मोठा शब्दकोश घेतला, मग आणखी मोठा. 'लोनली' आणि 'अलोन', 'होप' आणि 'विश', 'बाय' आणि 'निअर'. जावा हसायच्या. मुलगा लहान असताना म्हणायचा, आईला भाकरीतसुद्धा दोन अर्थ दिसतात. तिला दिसायचे. एकच वाटणाऱ्या दोन शब्दांमध्ये किती फट असते आणि त्या फटीतून काय काय पडू शकतं, ते तिला माहीत होतं. म्हणून ती रोज एक फट लिंपत होती, गावातल्या बाया दिवाळीच्या आधी भिंती लिंपतात तशी. एकच जोडी तिनं फळ्यावर कधी लिहिली नाही. आणि मराठीत तर तिला शब्दकोशाची गरजच नव्हती. विमलबाईला आपल्या भाषेत ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं: दिली वेगळं, टाकली वेगळं. मूल आत नेऊन पाळण्यात ठेवताना ती पुटपुटली होती,

जात्याच्या पाळीले बाई, पीठ राह्यते कणभर
लेक दिल्यावर घरात, सुनं वाटते मणभर

साधना मशीनवर होती, चार हातांवर, आणि तिला ऐकू आलं होतं. लेक दिल्यावर. विमलबाईला विचारलं असतं, की मावशी, या दोन्हीतला कोणता, तर अडाणी विमलबाईनं क्षणात सांगितलं असतं. पण इंग्रजीचं कुणी विमलबाईला विचारतं का?

मंगळवारी रात्र कशी गेली ते तिला कळलं नाही, बुधवारी दिवस मात्र कळत कळत गेला. ती मनात इंग्रजी वाक्यं रचत होती. येस, आय वॉज द टायपिस्ट. इट वॉज अ लाँग टाइम अगो. ही दोन चांगली होती. तिसरं आपोआप यायचं, आय डोन्ट रिमेंबर, आणि तिथं ती थांबायची. कारण हे वाक्य तिनं आधी एकदा वापरलेलं होतं, ते मूल बालसदनात आल्यानंतर. एकेचाळिसाव्या दिवशी. पुढे तिचं स्वतःचं बाळंतपण झालं तेव्हा एकेचाळिसाव्या दिवशी तिला घाम फुटला होता, सासूनं अंगारा लावला, कुणाला काही कळलं नाही. चौऱ्याण्णवच्या जूनचा पहिला आठवडा होता तो. पडवीत तीच पोरगी उभी. अंगावर आता रोजचं विटलेलं लुगडं, पाय धुळीनं भरलेले. विमलबाई भाच्याच्या लग्नाला गावी गेलेली. ती पोरगी थेट साहेबांच्या टेबलापर्यंत गेली आणि म्हणाली, "साहेब, माही पोर न्याले आलो मी. घरचे मानले आता." भागवत साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी फाइल काढली, पाहिली, चष्मा काढला. "बाई, या कागदावर ही मुलगी टाकून दिलेली आहे. हिला आईच नाही कागदावर. तुम्ही दिली असं लिहिलेलं असतं तर आमच्याकडे दोन महिन्यांची मुदत असते, मन बदललं तर नेता येतं. हे प्रकरण तसं नाही. कागद अकोल्याला गेलेत." ती म्हणाली, "टाकली नाही साहेब. मावशीच्या हातात देल्ती. या बाई होत्या ना तवा. इचारा यायले." साहेबांनी मान वळवली. "काय हो, तुम्ही पाह्यलं होतं का? हीच होती का? हातात दिली होती?" तोपर्यंत साधनाला दोन शब्दांतला फरक कळून चुकला होता, साहेबांच्या तोंडून, एका वाक्यात, ती समोर उभी असताना. फॉर्म कुणी भरला, हे पुढचंच वाक्य असणार होतं. कच्ची नोकरी, घरी दोन बहिणी लग्नाच्या, बाप आजारी. पण ही कारणं तिनं नंतर जमवली. त्या क्षणी फक्त एवढंच होतं की जीभ टाळ्याला चिकटली आणि सुटली तेव्हा म्हणाली, "आठवत नाही, सर." 'फरगेट' आणि 'नॉट रिमेंबर' यांतला फरक ती पोरांना फार छान समजावून सांगते. पहिल्यात वस्तू हरवलेली असते. दुसऱ्यात माणूस शोधायला तयार नसतो. त्यापुढचं तिला आठवायचं नाही. तिथं फाइल बंद व्हायची.

गुरुवारी तीन वाजता निकिता आत आली. "म्याडम, त्या आल्या. एकट्याच हायेत, गाडी अकोल्याची हाये. बाहेर चपला काढून राह्यल्या, मी म्हनलं राहू द्या राहू द्या, पन ऐकूनच नाही राह्यल्या." मग आवाज खाली आणून, "म्याडम, दिसते अगदी आपल्याकडची. तोंड उघडलं का मंग समजते." साधनानं दुपारची बॅच सोडून दिली होती. रिकाम्या संगणकांच्या रांगेतून ती बाई आली. साधनाला भीती होती की चेहरा तोच असेल, तो नव्हता. उन्हानं लाल झालेलं नाक, कापलेले केस, सुती शर्ट. फक्त ती खुर्चीवर टेकली तेव्हा पाठ टेकवली नाही, उठून जावं लागेल अशी बसली, आणि साधनाला पडवी आठवली. चहा आला. तिनं घाईनं घोट घेतला, जीभ भाजली, हसली. "पोहे आनू का त्यायले?" निकितानं विचारलं. साधना म्हणाली, "नको. तू घरी जा आज." निकिता दोघींकडे पाहत गेली. आता दोघींमध्ये फक्त इंग्रजी उरली, दोघींनाही परकी, दोघीही ती जपून टाकत होत्या, ओल्या फरशीवर पाय टाकावा तशी.

रूपानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद काढला. साधनानं तो एकतीस वर्षांनी पाहिला. तिच्या मशीनचा ई किंचित वर उडायचा. तो तसाच उडालेला होता. "हे," रूपानं बोट ठेवलं. "हे अकरा एक्स. लहानपणी मी हे मोजायचे. घरी म्हणायचे, टायपिंगची चूक असेल. पण मी ठरवलं होतं की याच्याखाली तिचं नाव आहे. कुणीतरी ते आधी लिहिलं आणि मग लपवलं. मूळ कागद आमच्याकडे आहे, मशीननं जोरात ठोकलंय, मागून बोटाला लागतं. दिव्यासमोर धरून मी पाहायचे. मी अकरा अक्षरांच्या भारतीय नावांची यादी केली होती." ती ओशाळून हसली. "वहीभर. तुम्ही ते टाइप केलंत. तुम्हालाच माहीत असेल. एवढंच विचारायला आले. खाली काय आहे?"

एकच गोष्ट, पुण्याची बाई म्हणाली होती. साधनाला दार दिसलं, उघडं, अगदी हाताशी. एक नाव सांगायचं. कुठलंही. अकरा अक्षरं जुळवायला तिला क्षणही लागला नसता, बोटं आपोआप मोजत होती मांडीवर. ही पोरगी नाव घेऊन जाईल, आयुष्यभर ओठांत ठेवील, आनंदानं विमानात बसेल. आणि आपण पुन्हा सुटू. या दयेचा वास तिला ओळखीचा होता. सायकलवरून घरी जातानाचा वास. त्या वासानंच ती दचकली, आणि दचकून म्हणाली, "नाव नाही. एक शब्द आहे. सरेंडर्ड." रूपाचा चेहरा उतरला. वहीभर नावं तिच्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. "तोसुद्धा वाईटच शब्द आहे ना?" "नाही," साधना म्हणाली, आणि आपला आवाज फळ्यापुढचा झाला आहे हे तिच्या लक्षात आलं, हातही हलत होते. "अबँडन्ड म्हणजे मूल कुठंतरी सापडलं. पायरीवर, देवळात, गाडीत. कुणी ठेवलं माहीत नाही. सरेंडर्ड म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात. ठेवणारी समोर उभी असते." "आणि मी?" रूपानं विचारलं. "हातात," साधना म्हणाली. "मी पाहिलं. सकाळपासून चारपर्यंत बसली होती. शेवटपर्यंत पाजत होती. मला अर्थ माहीत नव्हता. मी चुकीच्या शब्दावर फुल्या मारल्या."

रूपानं तोंडावर हात घेतला. मग जे व्हायला नको होतं तेच झालं. ती खुर्चीवरून पुढे झुकली, साधनाचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. तिला कुणीतरी शिकवलं असावं, इकडे असं करतात. "थँक यू," ती म्हणत होती, "थँक यू, थँक यू, मी पायरीवर नव्हते." तिचे अश्रू साधनाच्या नखांवर पडत होते, गरम. हीच होती ती भीती, जिला तीन दिवस नाव सापडत नव्हतं. ही पोरगी रागावेल, ओरडेल, केस करील, या सगळ्यांपलीकडची. ही आभार मानील आणि आपण ते घेऊ. अर्धं सांगून झालं होतं. अर्ध्यावर सगळं किती सुंदर होतं. बाहेर चौकात ऑटोवाले भांडत होते, भोंगे वाजत होते, जगातलं सगळं जिथल्या तिथं होतं. साधनानं हात सोडवून घेतले. "दॅट इज नॉट ऑल," ती म्हणाली. "ती परत आली होती. एकेचाळिसाव्या दिवशी. तुला न्यायला. शब्द बरोबर असता तर तुला नेता आलं असतं. तिनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, या बाई होत्या. मला विचारलं. मी म्हणाले, मला आठवत नाही." मग तिला वाटलं, इंग्रजीत हे फार सोपं गेलं, म्हणून तिनं तेच मराठीत सांगितलं, रूपाला कळणार नाही हे माहीत असून: "मले आठवत होतं. सगळं आठवत होतं."

रूपाचा चेहरा कोरडा होत गेला, ओढ्याचं पाणी जमिनीत जिरावं तसा, वरून वाळू दिसेपर्यंत. ती म्हणाली, "मी तिला माफ केलं होतं. अठराव्या वर्षी. खूप कष्टानं. टाकून जाणाऱ्या बाईला. ते आता कुणाला देऊ मी?" मग रूपानं विचारलं, "त्यानंतर? ती काय म्हणाली?" साधना नेहमीसारखं म्हणणार होती की पुढचं आठवत नाही. पण फाइल बंद झाली नाही. पहिल्यांदाच ती उघडी राहिली आणि आत सगळं होतं, जसंच्या तसं, पडवीतल्या उन्हासकट. "ती बाहेर आली. मी मागं गेले, का ते माहीत नाही. आतून एक मूल रडत होतं, तू नव्हतीस, दुसरं होतं. ती ऐकत उभी राहिली. मग मला म्हणाली, मावशी कधी येते? मी म्हणाले, शुक्रवारी. ती म्हणाली, मंग शुक्रवारी येतो मी, मावशी सांगन साहेबाले. रिसोडची गाडी किती वाजता आहे असं तिनं विचारलं. मी सांगितलं, पाच." "आणि शुक्रवारी?" रूपा पुटपुटली. साधना म्हणाली, "मी गुरुवारी नोकरी सोडली." "का?" "शुक्रवार येऊ नये म्हणून." आणि मग राहिलेलंही ती बोलली, कारण आता थांबायला जागाच नव्हती: चार-पाच वर्षांनी बाजारात तिला विमलबाई भेटली होती. हात धरून म्हणाली होती, साधे, तू गेली अन त्या शुक्रवारी काय झालं सांगतो... आणि साधना म्हणाली होती, मावशी, माही गाडी निघाली, आणि धावत सुटली होती. गाडी नव्हतीच कुठली. पुढल्या वर्षी विमलबाई गेली. भागवत साहेब त्याआधीच गेले होते. बालसदन पडून तिथं आता मंगल कार्यालय आहे.

"म्हणजे," रूपा हळूहळू म्हणाली, एकेक शब्द ठेवत, "बालसदनात तिचा चेहरा ज्यांनी पाहिला त्यांत जिवंत तुम्ही एकट्या आहात." साधनानं असा विचार कधी केला नव्हता. तिनं मान हलवली. रूपानं कागद फोल्डरमध्ये घातला, फोल्डर पिशवीत, पिशवीची चेन लावली. "ती रिसोडच्या गाडीनं गेली होती. ती गाडी कुठं लागते?" "स्टँडवर." "दाखवा." "तीस वर्षं झाली," साधना म्हणाली, "ती त्या गाडीनं आजच कशाला येईल? जिवंत असेल, नसेल. दिसली तरी मला ओळखू येईल का?" रूपा म्हणाली, "शनिवारपर्यंत मी आहे." रागानं नाही, विनंतीनं नाही. पाणी कुठं आहे हे सांगावं इतक्या साधेपणानं. साधनानं पंखे बंद केले, दाराला कुलूप लावलं. चावी कुलपात जाईना, रूपानं तिच्या हातावर हात ठेवून ती आत सारली.

चौकातून स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर ओळखीचे दोन-तीन लोक भेटले. बबनराव स्टेशनरीवाले दुकानातून ओरडले, "का वं म्याडम, पाहुण्या कोन?" साधना न थांबता म्हणाली, "बालसदनातल्या." ते ऐकून बबनरावांचा चेहरा काय झाला ते तिनं पाहिलं नाही. ऊन अजून कडक होतं. स्टँडवर पाणी मारल्यानं मातीचा आणि डिझेलचा वास वर येत होता. रिसोडची गाडी आत शिरत होती, पाटी धुळीनं अर्धी झाकलेली. दोघी खांबाजवळ उभ्या राहिल्या. दार उघडलं. आधी पुरुष उतरले, पोती उतरली, कॉलेजच्या मुली उतरल्या. मग बाया. एक जाडशी, गुडघ्यावर हात देत. एक काळी, उंच, कपाळ रिकामं. दोघी बहिणींसारख्या, एकमेकींना धरून. साधना एकेका चेहऱ्यावरून एकतीस वर्षं उतरवून पाहत होती, सुरकुत्या पुसत होती, पांढरे केस काळे करत होती. ओळख पटली नाही तर काय, याची भीती, आणि पटली तर काय, याची त्याहून मोठी. पन्नाशीची एक बाई शेवटच्या पायरीवर थांबली, पदर सावरला, उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं. साधना तिच्याकडे बघत राहिली. तेव्हा तिला जाणवलं की शेजारी फार शांतता आहे. तिनं नजर वळवली. रूपा गाडीकडे पाहतच नव्हती. दारातून उतरणाऱ्या एकाही बाईकडे तिनं पाहिलं नव्हतं. ती साधनाच्या चेहऱ्याकडे पाहत उभी होती, पापणी न हलवता.